शास्त्रज्ञाचे गुण आणि मोडीतल्या बत्तीस छत्र्या

'मोठा शास्त्रज्ञ होण्यासाठी कोणते गुण लागतात?' या विषयावर आपण सर्वांनी शाळेत निदान एकदा तरी निबंध लिहिलेला आहे. जिज्ञासा, चिकाटी, प्रामाणिकपणा, परिश्रम आणि शेवटी एक सुविचार, की दहापैकी सात मार्क पक्के! या यादीत चूक काहीच नाही. अडचण एवढीच, की ती शास्त्रज्ञाला लागू पडते तशी चांगल्या शिंप्यालाही पडते आणि आपल्या मेसच्या आचाऱ्यांनाही. (चिकाटी तर त्यांच्या भातातसुद्धा आहे.)

हॉस्टेलवर मात्र हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. थर्ड इयर संपत आलं, की रात्री गच्चीवर चर्चा सुरू होतात. कोणी प्लेसमेंटच्या ॲप्टिट्यूडची तयारी करतो, कोणी गेटची. मध्येच एखादा हळूच म्हणतो, "मला खरं तर रिसर्चमध्ये जायचंय." लगेच दुसरा विचारतो, "पॉइंटर किती तुझा?" विषय तिथेच संपतो. रिसर्च म्हणजे टॉपरचं काम, असं आपण धरूनच चाललो आहोत. हे कितपत खरं आहे ते बघावं म्हणून मी गुणांची यादी बाजूला ठेवली आणि एका माणसाचं काम जरा बारकाईने वाचून काढलं. माणूस पुण्यातला, काम पुणे जिल्ह्यातलं, आणि विषय आपल्या ई अँड टीसीवाल्यांच्या रोजच्या पोटापाण्याचा, म्हणजे अँटेना.

डॉ. गोविंद स्वरूप हे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकलं असेल. नसेल ऐकलं, तर नारायणगावच्या पुढे खोडदला असलेल्या प्रचंड छत्र्या तरी पाहिल्या असतील. तीच जीएमआरटी, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. तिचे जनक गोविंद स्वरूप. जन्म १९२९ सालचा, उत्तर प्रदेशातल्या ठाकुरद्वारचा, शिक्षण अलाहाबादला, आणि ७ सप्टेंबर २०२० रोजी वयाच्या ९१व्या वर्षी त्यांचं निधन झालं ते इथे, पुण्यात. जन्माने मराठी नव्हेत, पण त्यांचं सर्वांत मोठं काम जुन्नर तालुक्यातल्या शेतांमध्ये उभं आहे.

त्यांची गोष्ट मोडीच्या मालापासून सुरू करावी लागते. १९५३ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने (एनपीएल) त्यांना ऑस्ट्रेलियाला पाठवलं. दुसऱ्या महायुद्धात रडारवर काम केलेली मंडळी तिथे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकत होती. सिडनीजवळ पॉट्स हिल इथे सुमारे १.८ मीटर व्यासाच्या ३२ छत्र्या ओळीने मांडून सूर्याचं निरीक्षण चालायचं. स्वरूप आणि त्यांचे सहकारी पार्थसारथी यांनी ही ओळ २१ सेंटिमीटरवरून ६० सेंटिमीटर तरंगलांबीवर काम करील अशी बदलून घेतली. पुढे तिथल्या लोकांनी नवं, मोठं यंत्र बांधायला घेतलं. जुन्या छत्र्या मोडीत जाणार, असं ठरलं.

तेव्हा हा पंचविशी ओलांडलेला पोरगा थेट प्रमुखांकडे, जोसेफ पॉसी यांच्याकडे गेला आणि या छत्र्या भारताला द्या म्हणाला! पॉसी तयार झाले. इकडे एनपीएलचे संचालक के. एस. कृष्णनही तयार झाले. सगळं जमलं आणि अडलं कुठे, तर जहाजाचं भाडं कोणी द्यायचं यावर. ज्याने आपल्या डिपार्टमेंटला एखादा साधा ऑसिलोस्कोप मंजूर करून घेतलाय, त्याला यात नवल वाटणार नाही.

मला यात दिसलेला पहिला गुण निबंधाच्या यादीत नसतो. तो म्हणजे मागता येणं. आपल्याकडे मागणं कमीपणाचं समजतात. लॅब असिस्टंटकडे जादा प्रोब मागायलासुद्धा आपण एकमेकांना ढकलतो. पण स्वरूप मागू शकले त्याचं कारण नुसता धीटपणा नव्हे. त्या छत्र्यांवर त्यांनी हात काळे केलेले होते. कोणता भाग कशासाठी आहे, नव्या तरंगलांबीवर काय बदलावं लागतं, हे त्यांना स्वतः केल्यामुळे ठाऊक होतं. वस्तू आतून ओळखणाऱ्याने मागितली, की देणाऱ्यालाही ती वाया जाणार नाही असं वाटतं.

भाड्याचा घोळ सुटेना, तेव्हा ते वाट बघत बसले नाहीत. १९५६ मध्ये अमेरिकेत गेले, पुढे स्टॅनफर्डला ब्रेसवेल यांच्याकडे पीएच.डी. केली. तिथलं त्यांचं एक काम आपल्या सर्वांना समजेल असं आहे. अनेक अँटेना दूरदूर ठेवून त्यांचे सिग्नल एकत्र आणायचे, तर प्रत्येक केबलमुळे फेज किती सरकते हे कळायला हवं. आणि उन्हात केबल तापली की ती पुन्हा बदलते. पूर्वी हे केबलच्या लांबलचक मोजण्या करून जुळवत. स्वरूप आणि त्यांचे सहकारी यांग यांनी १९६१ मध्ये युक्ती मांडली: सिग्नल केबलमधून अँटेनापर्यंत पाठवा, तिथून खूण करून परत आणा, जाण्या-येण्यातला फेज बदल मोजा, आणि निम्मा करा. झालं! ऐकल्यावर वाटतं, हे तर मलाही सुचलं असतं. चांगल्या इंजिनिअरिंगची हीच खूण असावी. ही पद्धत नंतर जगभरच्या रेडिओ दुर्बिणींत वापरली गेली.

१९६१ मध्येच बर्कलीला भरलेल्या खगोलशास्त्रज्ञांच्या परिषदेच्या वेळी स्वरूप, टी. के. मेनन, एम. आर. कुंडू आणि टी. कृष्णन हे परदेशात काम करणारे चौघे भारतीय एकत्र बसले. आम्ही परत येतो, भारतात रेडिओ खगोलशास्त्राचा गट काढा, असा प्रस्ताव त्यांनी भारतातल्या प्रमुख संस्थांना पाठवला. सर्वांत उत्साहाचं उत्तर आलं होमी भाभांकडून. १९६३ मध्ये स्वरूप मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) रुजू झाले. त्या बत्तीस छत्र्या दरम्यान कशाबशा दिल्लीला पोहोचून तिथे नुसत्या पडून होत्या. त्या त्यांनी मागून आणल्या आणि १९६५ मध्ये कल्याणजवळ उभ्या केल्या. पुन्हा सूर्याचंच निरीक्षण, पण आता आपल्या मातीवरून. मागितल्यापासून उभ्या राहीपर्यंत दहा वर्षं गेली.

याला चिकाटी म्हणता येईल. पण मला हा शब्द थोडा फसवा वाटतो. चिकाटी म्हटलं की आपल्याला एकाच दाराशी डोकं आपटत बसलेला माणूस दिसतो. स्वरूप यांनी त्या दहा वर्षांत देश बदलला, विषयाचा भाग बदलला, डॉक्टरेट केली. छत्र्या विसरले नाहीत, एवढंच. ही काहीतरी निराळी गोष्ट आहे. तिला एका शब्दाचं नाव मला सापडलेलं नाही.

कल्याण म्हणजे रियाज होता. खरा डाव पुढे होता. १९६३ च्या 'नेचर'मध्ये आलेला एक लेख स्वरूप यांनी वाचला. चंद्र एखाद्या रेडिओ स्रोतासमोरून सरकला की सिग्नल झाकला जातो, आणि झाकला जाण्याची व पुन्हा दिसण्याची वेळ अचूक मोजली तर स्रोताची जागा फार बारकाईने कळते. या पद्धतीने क्वेसार शोधायला मदत झाली होती. हे काम नेहमी करता यावं म्हणून चंद्राच्या मागे तासन्‌तास फिरेल अशी लांबलचक दुर्बीण हवी. फिरवायची कशी? पृथ्वीच्या अक्षाला समांतर असा अक्ष असेल तर एकाच दिशेने हळूहळू फिरवली की पुरतं. त्यासाठी तेवढा कललेला महागडा सांगाडा बांधावा लागतो.

स्वरूप यांनी सांगाडा बांधण्याऐवजी डोंगर शोधला. उटीजवळ मुथोराई इथे उत्तर-दक्षिण उताराची टेकडी मिळाली. उतार सुमारे ११ अंश आणि त्या जागेचा अक्षांशही सुमारे ११ अंश! टेकडीवर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असा दंडगोलाकार परावर्तक मांडला. डोंगरच पृथ्वीच्या अक्षाला समांतर, त्यामुळे एका अक्षाभोवती फिरवून साडेनऊ तास एकाच स्रोताचा पाठलाग करता येतो. १९७० मध्ये ही दुर्बीण चालू झाली. सगळं बांधकाम भारतीय. मध्ये १९६६ च्या जानेवारीत भाभा विमान अपघातात गेले होते, पण काम थांबलं नाही.

हा मला सर्वांत आवडलेला भाग. आपल्याकडे पैसा नाही, पण विषुववृत्ताजवळचा देश आहे. मोठ्या क्रेन नाहीत, पण डोंगर आहेत. काय नाही याची यादी करायला आपण सगळेच पटाईत असतो (प्रोजेक्ट रिपोर्टमधलं 'लिमिटेशन्स'चं पान आठवा). काय आहे याची यादी करायला जास्त निरीक्षण लागतं.

आणि हे करणारे कोण होते? स्वरूप यांच्याभोवतीचे बहुतेक जण नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले तरुण होते. रेडिओ खगोलशास्त्र भारतात शिकवलंच जात नव्हतं, तर अनुभवी माणूस आणणार कुठून? त्यांना कामावरच शिकवलं गेलं आणि शिकत असतानाच जबाबदारी दिली गेली. यातले कित्येक पुढे नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ आणि इंजिनिअर झाले. नेत्याच्या गुणांत 'दूरदृष्टी' नेहमी लिहितात. नवख्या माणसाच्या हातात महागडं काम देऊन शांत झोपता येणं, हा गुण मला दूरदृष्टीपेक्षा दुर्मिळ वाटतो.

आता फसलेल्या योजनेविषयी. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वरूप यांनी उटीपेक्षा कितीतरी मोठी, दोन किलोमीटर लांबीची दुर्बीण विषुववृत्तावर, केनिया किंवा इंडोनेशियात, काही विकसनशील देशांनी मिळून बांधावी अशी योजना आखली. खटपट पुष्कळ झाली. ती दुर्बीण कधीच उभी राहिली नाही. त्यांनी ती कल्पना उराशी कवटाळून धरली नाही. पन्नाशी ओलांडलेली, नाव झालेलं. उटीवर उरलेली नोकरी आरामात काढता आली असती. त्याऐवजी १९८४ मध्ये नवा कागद घेतला. त्यातून जीएमआरटी आली.

जागा निवडली खोडद, पुण्यापासून ८० किलोमीटरवर. रेडिओ गोंगाट कमी, वारा बेताचा, बर्फ नाही, आणि पुण्यासारखं शहर हाताशी. पहिल्या आराखड्यात उटीसारखेच दंडगोल होते. पण तबकडीसारख्या डिश जास्त उपयोगी होत्या. प्रश्न खर्चाचा. ४५ मीटर व्यासाची डिश नेहमीच्या पद्धतीने बांधली तर वजन आणि किंमत दोन्ही हाताबाहेर जातात. का? कारण भरीव पृष्ठभागावर वारा आदळतो, तो सोसायला जाड लोखंड लागतं, त्या लोखंडाचं वजन पेलायला आणखी लोखंड लागतं. मुळाशी वारा आहे. मग वाऱ्याला जाऊ द्यावं! जीएमआरटीला ज्या लहरी ऐकायच्या त्यांची तरंगलांबी २१ सेंटिमीटर ते सुमारे २ मीटर. जाळीची भोकं तरंगलांबीच्या मानाने बरीच लहान असली, तर लहरीला ती जाळी आरशासारखीच वाटते, वारा मात्र आरपार जातो. म्हणून १६ वक्र चौकटींमध्ये स्टेनलेस स्टीलचे दोर ताणले आणि त्यांवर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या तारेची, १० ते २० मिलिमीटर भोकांची जाळी बसवली. या रचनेचं नाव 'स्मार्ट', म्हणजे स्ट्रेच्ड मेश अटॅच्ड टू रोप ट्रसेस. वादळ आलं की डिश आकाशाकडे तोंड करून उभ्या करायच्या.

आम्ही दोन वर्षांपूर्वी विज्ञान दिनाला खोडदला गेलो होतो. आत शिरताना मोबाईल बंद करायला लावतात, त्यावर आमच्यातल्या दोघांनी बरीच कुरकुर केली. डिशच्या खाली उभं राहून वर पाहिलं तर तिच्यातून चक्क निळं आकाश दिसतं. एवढी मोठी वस्तू, आणि बरीचशी नाहीच! अशा ३० डिश आहेत. १४ मध्यभागी एक किलोमीटरच्या परिसरात, आणि १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर, २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात, गावागावांतून. सगळ्यांचं क्षेत्रफळ मिळून सुमारे ४७,७०० चौरस मीटर होतं, म्हणजे पावणेबारा एकरांहून थोडं जास्त. तीस डिशच्या जोड्या होतात ४३५, आणि प्रत्येक जोडीच्या सिग्नलची तुलना एकाच वेळी चालते. ज्यांना डीएसपीचा पेपर निरर्थक वाटतो त्यांनी एकदा तिथली कंट्रोल रूम बघून यावी.

जीएमआरटीचा एक मुख्य हेतू होता विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या हायड्रोजनचा सिग्नल पकडणं. तो अजून तिच्या हाती लागलेला नाही; तो किती क्षीण असायला हवा याच्या मर्यादा तेवढ्या तिने घालून दिल्या. पण दुसऱ्याच कामांत तिचं नाव झालं. पल्सार सापडले. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं स्कियापारेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा क्षीण सिग्नल खोडदच्या डिशनी इथून ऐकला, आणि यान कोसळण्याच्या थोडं आधीपर्यंत तो मिळत राहिला. २०२३ मध्ये पल्सारच्या ठोक्यांवरून अतिशय संथ गुरुत्वीय लहरींचे पुरावे जगातल्या अनेक गटांनी जाहीर केले, त्यात जीएमआरटीवर काम करणारा भारतीय गट होता. ठरवलेलं न सापडणं आणि न ठरवलेलं सापडणं, या दोन्हींची सवय असलेला माणूसच या धंद्यात टिकत असावा. आपल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये मात्र 'रिझल्ट' आधी लिहून ठेवतात आणि रीडिंग मागून घेतात!

पुण्यातलीच आणखी एक गंमत. उटीच्या निरीक्षणांतून १९७० च्या दशकात स्वरूप आणि विजय कपाही यांनी दाखवलं, की क्षीण रेडिओ स्रोतांचे आकार ज्या प्रकारे बदलतात त्यावरून विश्व काळाबरोबर बदलत आलं असलं पाहिजे. हे महास्फोट सिद्धान्ताच्या बाजूचं. आणि विश्व स्थिर स्थितीत आहे असं मांडणाऱ्या फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी कोण? आपले डॉ. जयंत नारळीकर. पुढे स्वरूप यांचं एनसीआरए आणि नारळीकरांनी उभारलेलं आयुका पुणे विद्यापीठाच्या आवारात अगदी शेजारी-शेजारी आले. नारळीकरांनी १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर आपला सिद्धान्त नव्या रूपात मांडला. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी तो मान्य केला नाही. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, तेव्हा त्यांना लहान शास्त्रज्ञ म्हणणारा कोणी नव्हता. तेव्हा 'बरोबर ठरणं' हा यशाचा गुण धरायचा की नाही, यावर गच्चीवर वाद घालायला हरकत नाही.

एवढ्यावरून कोणी असं समजेल, की मोठी संस्था आणि पाठीशी भाभा असले तरच काहीतरी होतं. त्यासाठी देवळालीचे द. रा. कापरेकर आठवावेत. फर्ग्युसनचे विद्यार्थी, १९३० पासून १९६२ पर्यंत शाळामास्तर. संस्था नाही, अनुदान नाही. आकड्यांशी खेळणं मात्र कधी सोडलं नाही. कोणताही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करा, उत्तराचं पुन्हा तेच करा. उदाहरणार्थ ३५२४: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही केलं तरी ६१७४ च! जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही तिथे पोहोचता. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये कापरेकरांविषयी लिहिलं, तेव्हा ते सत्तरीचे होते. लाइट गेल्यावर करून बघा.

आणि गर्ल्स हॉस्टेलच्या वाचकांसाठी कमला भागवत, म्हणजे नंतरच्या कमला सोहोनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी.ला पहिल्या आलेल्या या मुलीला बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला, कारण ती मुलगी होती. ती हटली नाही. शेवटी एक वर्ष अटींवर घेतलं. १९३९ मध्ये तिने केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. तिच्या धैर्याचं कौतुक आपण करतो ते ठीकच आहे. पण वर्गातल्या मुलांना तो गुण अंगी असण्याची गरजच पडली नव्हती. गुणांच्या याद्या वाचताना हे सुटून जातं.

स्वरूप १९९४ मध्ये निवृत्त झाले, तरी काम करत राहिले. पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू वि. गो. भिडे यांच्याबरोबर त्यांनी बारावीनंतर सलग पाच वर्षं विज्ञान शिकवणाऱ्या संस्थेची कल्पना लावून धरली होती. पाषाणची आयसर २००६ मध्ये सुरू झाली, त्यामागे त्या प्रयत्नांचाही वाटा आहे. जीएमआरटीला २०२० मध्ये आयईईईचा 'माइलस्टोन' सन्मानही मिळाला.

जाता जाता एक काम. दर २८ फेब्रुवारीला खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं, शाळा-कॉलेजची मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात. आमच्या विंगमधल्या चौघांनी टीव्हीच्या जुन्या छत्रीने सूर्याचा रेडिओ सिग्नल पकडायचं ठरवलं आहे. छत्री सूर्यावर रोखली की सॅट-फाइंडरचा काटा चढतो, बाजूला वळवली की उतरतो, एवढंच दाखवायचंय. छत्री मिळाली आहे, थोडी वाकलेली आहे पण चालेल. रेक्टर सरांनी गच्चीची किल्ली द्यायचं कबूल केलं आहे. एलएनबी आणि सॅट-फाइंडर अजून मिळालेले नाहीत. कुणाच्या घरी, क्वार्टरमध्ये किंवा ओळखीच्या केबलवाल्याकडे पडून असतील, तर बी विंगच्या नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावा. आम्ही येऊन घेऊन जाऊ.